सांजो : कोरियाचे विखुरलेले सूर

कोरियाच्या लोकसंगीतात एकल वाद्यवादनाचा सर्वांत प्रगल्भ प्रकार म्हणून 'सांजो'चे नाव घेतले जाते. 'सान' म्हणजे विखुरलेले आणि 'जो' म्हणजे सूर किंवा सुरावट. चिनी शब्दांवरून घडलेल्या या भारदस्त नावाच्या जोडीला 'हथुन गाराक' असे अस्सल देशी नावही आहे. त्याचा अर्थ सैल, मोकळे सोडलेले सूर. दरबारी संगीतात प्रत्येक स्वराची जागा ठरलेली आणि प्रत्येक विरामाला शिस्त असे. त्या कानांना हे संगीत मोकाट वाटले असेल, तर नवल नाही. एक वादक, एक वाद्य आणि साथीला एक तालवाद्य, एवढ्याच सामग्रीवर सांजो उभा राहतो. तो दहा-पंधरा मिनिटांत आटोपता येतो आणि पूर्ण विस्ताराने वाजवला, तर जवळजवळ तासभर चालतो. आरंभ अत्यंत संथ लयीत होतो, टप्प्याटप्प्याने लय वाढत जाते आणि अखेरच्या भागात वादकाच्या बोटांवर नजर ठरत नाही.

हे वर्णन वाचून मराठी श्रोत्याला विलंबित आणि द्रुत ख्यालाची किंवा सतारीवरील आलाप, जोड, झाला या क्रमाची आठवण होईल. साम्य खरे आहे, पण त्यामागे नाते नाही. दोन्ही परंपरा आपापल्या मातीत स्वतंत्रपणे वाढल्या. शिवाय एक फरक असा आहे, की तो लक्षात घेतल्याशिवाय सांजोचा इतिहास कळत नाही. आपल्याकडे मैफलीत वाजवले जाणारे बहुतांश संगीत त्या क्षणी सुचलेले असते. सांजोचा जन्मही याच वृत्तीतून झाला. मात्र आज कोरियातील मंचावर ऐकू येणारा सांजो बहुधा गुरूकडून, स्वरलिपीवरून किंवा ध्वनिमुद्रणावरून स्वर न् स्वर पाठ केलेला असतो. नावाने विखुरलेले हे सूर कसे आणि का बांधले गेले, हा या संगीताच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतील कळीचा प्रश्न आहे.

जोल्ला प्रांतातील मूळ

कोरियन द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्येचा जोल्ला प्रांत हा भातशेतीचा, बेटांचा आणि गाण्या-बजावण्याचा प्रदेश. येथे देवऋषीपण वंशपरंपरेने चाले. घरातील स्त्री 'गुत' नावाचा विधी करी, मृताच्या आत्म्याला वाट दाखवी, आणि तिच्या घरातील पुरुष वाद्यांची साथ करीत. बासरी, दुतारी सारंगी, वेताच्या जिभेचे सुषिरवाद्य आणि ढोल-झांज यांच्या या मेळाला 'सिनावी' म्हणतात. सर्व वादक एकच स्वरसमूह आणि एकच ताल धरून, पण प्रत्येक जण आपापल्या मनाने वाजवीत असतो. सूर एकमेकांना छेदतात, सोडतात, पुन्हा भेटतात. हाच सांजोचा पहिला झरा. दुसरा झरा 'पान्सोरी' या कथागायनाचा. एक गायक आणि एक ढोलवादक मिळून तासन्‌तास कथा रंगवणारी ही कला एकोणिसाव्या शतकात बहराला आली होती. गायकाचा घोगरा, घासून काढलेला आवाज, त्याचे स्वर मोडणे, थरथरवणे, आणि कथेतील प्रसंगानुसार बदलणारे ताल, हे सारे वाद्यावर आणण्याचा प्रयत्न कोणी तरी केला. शब्द गळाले, भाव उरला. सांजोला 'शब्दांविना पान्सोरी' म्हटले, तर फारसे चुकणार नाही.

ही कला सांभाळणारी घराणी समाजाच्या तळाशी होती. त्यांची गणना हीन मानलेल्या वर्गात होई. १८९४ च्या सुधारणांनी जन्माधारित दर्जाची कायदेशीर उतरंड मोडीत काढली. कागदावरील समतेने तिरस्कार एका रात्रीत संपत नाही, परंतु या कलावंतांना विधीच्या अंगणातून बाहेर पडून स्वतःच्या नावावर कला सादर करण्याची वाट थोडी मोकळी झाली. श्रीमंतांच्या बैठका होत्याच. १९०२ मध्ये सोलमध्ये 'ह्योप्न्युल्सा' हे नाट्यगृह उभे राहिल्यावर तिकीट काढून येणारा श्रोताही मिळू लागला. एकट्या वादकाने श्रोत्यांना खिळवून ठेवायचे, ही गरजच नवी होती, आणि सांजो हे तिचे उत्तर होते.

परंपरेनुसार सांजोचे जनकत्व योंगाम येथील किम चांग-जो यांच्याकडे जाते. १८९० च्या सुमारास त्यांनी गायागुम या वाद्यावर निरनिराळ्या तालांतील सुरावटी लयीच्या चढत्या क्रमाने एकत्र बांधल्या, असे मानले जाते. त्यांचे निधन १९१९ मध्ये झाले. लोकसंगीताला एकच जनक असणे तसे अवघडच. हान सुक-गु, सिम चांग-रे अशी समकालीन वादकांची नावेही या संदर्भात घेतली जातात. तेव्हा किम यांना एकमेव निर्माते मानण्यापेक्षा, ज्यांची शिष्यपरंपरा सर्वांत फुलली ते वादक मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

बारा तारा आणि एक बंडखोर काठी

गायागुम हे आडवे ठेवून वाजवायचे तंतुवाद्य. बाराव्या शतकातील 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथानुसार गाया राज्याच्या गासिल राजाने ते चिनी वाद्यावरून करवून घेतले आणि उरुक या वादकाने त्यासाठी बारा रचना केल्या. रेशमाच्या पिळाच्या बारा तारा आणि प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी एक घोडी, अशी त्याची रचना. या घोड्यांना कोरियन लोक 'हंसाचे पाय' म्हणतात. उजव्या हाताची बोटे नखीविना, थेट मांसल टोकाने तार छेडतात किंवा टिचकी मारल्यासारखी उडवतात. डावा हात घोडीच्या पलीकडच्या बाजूला तार दाबतो, हलवतो, ओढतो. वाद्याचा आवाज निघतो उजव्या हाताने. त्याला अर्थ येतो डाव्या हाताने.

दरबारी गायागुम आकाराने मोठे, एकाच पाउलोनिया वृक्षाच्या ओंडक्यातून मागील बाजूने कोरलेले आणि शेपटाकडे मेंढ्याच्या शिंगांसारखे. सांजोच्या द्रुत लयीला ते पेलवेना. म्हणून लहान, अरुंद, तारा जवळ-जवळ असलेले वाद्य घडले. वरची फळी पाउलोनियाची आणि तळाची चेस्टनटच्या लाकडाची. संगीताने वाद्य बदलल्याचे हे ठळक उदाहरण आहे. आज 'सांजो गायागुम' हे स्वतंत्र वाद्य म्हणूनच ओळखले जाते.

गोमुंगोची गोष्ट अधिक नाट्यपूर्ण आहे. सहा तारा, सोळा उंच पडदे आणि बांबूच्या लहानशा काठीने केलेला आघात. यातून निघणारा खर्जाचा, काहीसा कोरडा नाद विद्वान उमरावांचा विशेष लाडका. हे वाद्य मनोरंजनासाठी नव्हे, तर मन आवरण्यासाठी वाजवायचे, अशी त्यांची धारणा होती. अशा वाद्यावर १८९६ मध्ये बेक नाक-जुन यांनी सांजो आणला. देवऋषी आणि कथेकऱ्यांचे रडणारे-हसणारे सूर सद्‌गृहस्थांच्या वाद्यावर वाजणे अनेकांना रुचले नाही आणि गोमुंगो सांजोला मान्यता मिळण्यास वेळ लागला. मात्र काठीच्या टणत्काराने आलेले तेज आणि खर्जातील घुमार यांमुळे हा सांजो ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो. गायागुम सांजो मोहवतो, गोमुंगो सांजो थांबवतो.

पुढे इतर वाद्ये आली. जिंदो बेटाचे पाक जोंग-गी यांनी देगुम या आडव्या बांबूच्या बासरीवर सांजो घडवला. या बासरीला फुंकण्याच्या आणि बोटांच्या छिद्रांखेरीज आणखी एक छिद्र असते. त्यावर बोरूच्या पोकळीतील तलम पापुद्रा चिकटवतात. जोरात फुंकले, की हा पापुद्रा थरारतो आणि स्वराला फाटल्यासारखी किनार येते. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यात, दानो सणाच्या आसपास, बोरू कोवळा असताना हे पापुद्रे काढून ठेवण्याचा वादकांचा रिवाज आहे. हेगुम या दोन तारांच्या सारंगीवर जी योंग-हुई आणि हान बोम-सु यांचे सांजो प्रसिद्ध आहेत. आजेंग या खर्जाच्या गजवाद्यावरचा सांजो सर्वांत उशिरा, विसाव्या शतकाच्या मध्यास, संगीत नाटकांच्या वादकांमधून पुढे आला. हान इल-सोप यांचे नाव त्यात अग्रणी.

तालाची गाठ, स्वराची मोड

सांजोचे भाग ओळखले जातात ते तालांच्या नावांनी. कोरियन भाषेत तालाच्या आवर्तनाला 'जांगदान' म्हणतात. प्रारंभी 'दासुरुम' हा छोटा, लयमुक्त भाग. वाद्य जुळले आहे ना, हे पाहता-पाहता वादक मनही जुळवून घेतो. त्यानंतर जिन्यांगजो. सहा मात्रांचे हे आवर्तन इतके संथ, की ते पूर्ण व्हायला सुमारे दहा सेकंद लागतात, आणि प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन उपमात्रा असतात. मग बारा मात्रांचा मध्यम लयीचा जुंगमोरी, त्याहून चपळ जुंगजुंगमोरी, धावता जाजिनमोरी आणि शेवटी चार मात्रांचा झंझावाती ह्विमोरी. गोमुंगो सांजोत ओन्मोरी हा दहा मात्रांचा तालही येतो. त्याची विभागणी तीन-दोन-तीन-दोन अशी. झपताल कानात बसलेल्या श्रोत्याला तो उलटा लागल्यासारखा वाटेल.

आवर्तनाची कल्पना मात्र समेवर येण्याच्या आपल्या कल्पनेहून निराळी आहे. जिन्यांगजोची चार आवर्तने मिळून चोवीस मात्रांचे एक मोठे वर्तुळ होते. त्यातील पहिले आवर्तन 'ढकलते', दुसरे 'टांगून ठेवते', तिसरे 'गाठ मारते' आणि चौथे ती 'सोडते', असे कोरियन वादक सांगतात. ताण वाढवणे आणि तो सैल करणे हीच सांजोची मूळ प्रक्रिया आहे. लहानशा वाक्यातही ती असते आणि संपूर्ण वादनातही. जुंगमोरीत बारापैकी नवव्या मात्रेवर जोरकस आघात येतो. गाठ तेथे बसते आणि उरलेल्या तीन मात्रांत ती सुटते. नवख्या श्रोत्याने एवढी एक नववी मात्रा पकडली, तरी सांजोचा अर्धा दरवाजा उघडतो.

ही गाठ-सोड सांभाळणारा साथीदार म्हणजे जांग्गूवादक. कमरेत बारीक असलेल्या या ढोलाची डावी बाजू तळहाताने आणि उजवी बांबूच्या बारीक काडीने वाजवली जाते. एकल वाद्य नाजूक असल्याने काडी बहुधा कडेवरच टेकते. मधल्या चामड्यावर ती पडली, की समजावे, काही महत्त्वाचे घडले. मध्येच तो 'ओल्सिगु', 'चोता' असे उद्गार काढतो. या दाद देण्याला 'चुइमसे' म्हणतात. जाणकार श्रोतेही ती देतात. आपल्याकडील 'क्या बात है' आणि हे उद्गार यांत फरक एवढाच, की चुइमसे हा वादनाचाच एक भाग मानला जातो. तो योग्य जागी न पडला, तर वादकाला चुकल्यासारखे वाटते.

स्वरांच्या बाबतीत सांजोत राग नाही, पण भावानुसार बदलणाऱ्या काही स्वरपद्धती आहेत. 'उजो' भारदस्त आणि रुंद, 'प्योंगजो' प्रसन्न आणि 'ग्येम्योन्जो' करुण. यातील शेवटची पद्धत जोल्ला प्रांताची खरी ओळख. तिच्यात तीन स्वर प्रमुख असतात: खालचा स्वर जाड, खोल कंपाने हलवायचा, मधला सरळ ठेवायचा आणि वरचा किंचित उंचावून झटक्यात मोडायचा. मोडणारा हा स्वर हुंदक्यासारखा भासतो. तार दाबून स्वराला असे हलवण्या-वाकवण्याच्या साऱ्या क्रियांना 'नोंगह्योन' हे सामूहिक नाव आहे. मींड आणि गमक यांची सवय असलेल्या कानाला त्यातील रस लगेच कळतो. मात्र कोरियन कंप अधिक रुंद असतो आणि कधी कधी स्वर छेडून झाल्यावर, नाद विरत असतानाच सुरू होतो. विरणाऱ्या नादावर काम करणे ही या संगीताची खासियत म्हणावी लागेल.

सांजोविषयी लिहिताना 'हान' म्हणजे साचलेले दुःख हा शब्द सर्रास वापरला जातो. तो सोयीचा आहे, पण अपुरा. जिन्यांगजोमध्ये करुण रस असतो हे खरे, तथापि त्याच वादनात उजोचा रुबाब असतो, जुंगजुंगमोरीत डोलणे असते आणि जाजिनमोरीत चक्क खोडकरपणा असतो. निव्वळ रडगाणे असते, तर तासभर कोणी ऐकले नसते.

कालचा सांजो, आजचा सांजो

पहिल्या पिढ्यांतील वादक स्वरलिपी जाणत नसत. गुरूने वाजवायचे, शिष्याने ऐकून उचलायचे आणि तयारी झाल्यावर त्यात आपली भर घालायची. गुरूचीच नक्कल आयुष्यभर करणारा वादक फारसा मानला जात नसे. सिम सांग-गन या गायागुमवादकाचा किस्सा कोरियात आवर्जून सांगितला जातो. ते प्रत्येक वेळी वेगळे वाजवीत. आदल्या दिवशी शिकवलेले दुसऱ्या दिवशी सापडत नाही, अशी शिष्यांची तक्रार असे. त्यावर, ते कालचे होते आणि हे आजचे आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. किस्सा पुढे रंगवला गेला असेलही. पण त्यांच्या परंपरेत शिष्यांची रांग लागली नाही, हे खरे. रोज बदलणारी कला शिकवायची कशी, हा प्रश्न त्या किश्शातच दडलेला आहे.

जपानी अंमलाच्या काळात, १९१० ते १९४५ दरम्यान, ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. तासभराचा विस्तार त्यात मावेना, म्हणून वादक एकेका तालाचा निवडक तुकडा वाजवू लागले. या तबकड्या आज अमूल्य आहेत. एकाच वादकाने निरनिराळ्या वेळी काय काय बदलले, हे त्यांवरूनच कळते. पण त्यांनी एक सवयही लावली. तबकडीवरचा सांजो पुन्हा लावला, की तसाच वाजतो. याच काळात गणिकांना नृत्य-गायन शिकवणाऱ्या 'ग्वोन्बोन' संस्थांमधून स्त्रिया या क्षेत्रात आल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गायागुम सांजोची धुरा प्रामुख्याने त्यांनीच वाहिली.

सीमारेषेने तोडलेली घराणी

१९४५ मध्ये जपानी राजवट संपली आणि देश दुभंगला. किम चांग-जो यांचे आघाडीचे शिष्य आन गी-ओक उत्तरेत गेले. चोए ओक-साम आणि जोंग नाम-हुई हेही तिकडेच स्थिरावले. शिष्य मात्र दक्षिणेत राहिले. गुरू-शिष्यांमध्ये लष्करी सीमा उभी राहिली. दक्षिण कोरियात उत्तरेकडे गेलेल्या कलावंतांची नावे उघडपणे घेणे अनेक दशके अडचणीचे होते. ही बंधने १९८८ मध्ये शिथिल झाली. तोवर एखादा सांजो कोणाकडून आला हे माहीत असूनही त्याचे मूळ नाव मंचावर उच्चारले जात नसे. चोए ओक-साम यांचा सांजो टिकला तो त्यांच्या शिष्या हाम दोंग-जोंग-वोल यांच्या बोटांत. गुरूचे १९५६ मध्ये उत्तरेत निधन झाले. शिष्येने तो दक्षिणेत १९९४ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, जपला.

उत्तरेतही सांजो सुखाने नांदला असे नाही. पान्सोरीचा घोगरा आवाज तेथील राज्यकर्त्यांना जुनाट वाटला. त्याबरोबर जोल्लाचा हुंदकाही मागे पडला. गायागुमच्या तारा वाढवून एकवीस करण्यात आल्या, आणि गोमुंगो तर जवळजवळ अडगळीत गेले. आन गी-ओक यांची विद्या तिसऱ्याच वाटेने दक्षिणेला परतली. चीनच्या यानब्येन भागातील कोरियन वंशाचे वादक किम जिन यांनी प्योंगयांगला जाऊन ती घेतली होती. त्यांच्याकडील सामग्रीच्या आधारे पुढे दक्षिणेतील यांग सुंग-हुई यांनी किम चांग-जो यांचा मूळ सांजो जुळवण्याचा प्रयत्न केला. योंगामहून निघालेले सूर प्योंगयांग आणि यानब्येनमार्गे पुन्हा आपल्या गावी आले.

जतनाची किंमत

१९५० च्या दशकातील युद्धाने वादक विखुरले, अनेक गेले. पाश्चात्त्य संगीताचे आकर्षण वाढले. अशा वेळी दक्षिण कोरियाने १९६२ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. वास्तू आणि मूर्तींबरोबरच अमूर्त कलांनाही त्यात स्थान होते. गोमुंगो सांजोला १९६७ मध्ये, गायागुम सांजोला १९६८ मध्ये आणि देगुम सांजोला १९७१ मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. निवडक वादक 'धारक' म्हणून जाहीर झाले. त्यांना मानधन मिळे आणि त्या बदल्यात शिष्य तयार करण्याचे उत्तरदायित्व त्यांच्यावर असे. पूर्वी हीन गणल्या गेलेल्या घराण्यांतील वृद्ध कलावंतांना सरकारने असा मान द्यावा, ही साधी गोष्ट नव्हती.

अट होती 'मूळ रूप' राखण्याची. प्राचीन मंदिराच्या बाबतीत मूळ रूप म्हणजे काय, हे सांगता येते. सांजोचे मूळ रूप कोणते? किम चांग-जो यांनी १८९० मध्ये वाजवलेले? त्यांच्या शिष्याने बदललेले? की दर्जा देण्यासाठी समिती बसली, त्या वर्षी धारक जसे वाजवीत होता तसे? व्यवहारात तिसरेच उत्तर ग्राह्य धरले गेले. १९५९ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठात कोरियन संगीताचा विभाग सुरू झाला होता. वर्गात शिकवायचे तर स्वरलिपी हवी, परीक्षा घ्यायची तर बरोबर आणि चूक ठरलेले हवे. पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत सांजो उतरवले गेले. स्पर्धांमध्ये ते तसेच वाजवले जाऊ लागले. प्रत्येक ज्येष्ठ वादकाच्या नावाने एकेक 'ऱ्यू', म्हणजे शैली किंवा घराणे, पक्के झाले. आपल्या घराण्यात गायकाला रीत मिळते. ऱ्यू मध्ये वादकाला जवळजवळ संपूर्ण रचनाच मिळते.

गंमत अशी, की ज्यांच्या नावाने हे ऱ्यू ओळखले जातात, त्यांच्यापैकी कोणीही स्वतः हा नियम पाळला नव्हता. किम जुक-फा (१९११-१९८९) या किम चांग-जो यांच्या नात. बालपणी त्यांनी आजोबांकडे धडे घेतले आणि पुढे आजोबांचे शिष्य हान सोंग-गी यांच्याकडे. तरुणपणी त्या नावारूपाला आल्या, विवाहानंतर मंचापासून दूर गेल्या आणि दीर्घ काळानंतर परतून १९७८ मध्ये धारक झाल्या. त्यांच्या सांजोत आजोबांचे आहे, गुरूंचे आहे आणि स्वतःचे तर पुष्कळच आहे. अखेरचे अतिद्रुत भाग त्यांनी जोडले. सोंग गुम-योन (१९२३-१९८६) यांनी अनेकांकडून घेतलेल्या सुरावटींना स्वतःचा लखलखीत बाज दिला. १९६८ मध्ये दर्जा मिळाल्यानंतर १९७४ मध्ये त्या पती जी योंग-हुई यांच्यासह हवाई बेटांवर स्थायिक झाल्या आणि धारकपद गेले. त्यांचा सांजो मात्र गेला नाही. आजही तो सर्वाधिक वाजवल्या जाणाऱ्या सांजोंपैकी एक आहे. कांग ते-होंग यांचा सांजो तालाच्या अवघड तिरकस खेळीसाठी वाखाणला जातो, आणि तेही आपले वादन सतत बदलत राहिले होते. त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांना आज ती मुभा सहसा घेववत नाही.

याला अपवाद ठरले ह्वांग ब्योंग-गी (१९३६-२०१८). १९५१ मध्ये, युद्धामुळे बुसानला आश्रयाला असताना, शाळकरी वयात त्यांनी गायागुम हाती घेतले. पुढे त्यांनी विद्यापीठात कायद्याची पदवी मिळवली, पण आयुष्य संगीतालाच दिले. जोंग नाम-हुई यांच्या शिष्यपरंपरेतून मिळालेल्या सांजोवर अनेक दशके काम करून १९९८ मध्ये त्यांनी स्वतःच्या भरीसह प्रदीर्घ सांजो प्रसिद्ध केला आणि त्याला गुरुस्थानी असलेल्या जोंग यांच्यासह आपले नाव दिले. जुनी पद्धत हीच होती. फक्त एके काळी जे प्रत्येक तयार वादकाकडून अपेक्षित असे, ते आता नामवंत संगीतकाराचे धाडस ठरले.

जतन करणाऱ्यांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. १९६० च्या दशकात हे वादक मोजकेच उरले होते. त्या वेळी लिपीबद्ध केले नसते, तर बदलण्यासाठीही काही शिल्लक राहिले नसते. परंतु जे वाचले ती एका विशिष्ट क्षणाची प्रत आहे, आणि तीच परंपरा असल्याचा समज रूढ झाला. कायद्यालाही हे उमगले असावे. २०१५ मध्ये संमत होऊन २०१६ पासून लागू झालेल्या अमूर्त वारशाच्या नव्या कायद्याने 'मूळ रूप' हा शब्द वगळून त्याजागी 'नमुनेदार रूप' अशा अर्थाचा शब्द घातला. कलेचा गाभा राखावा आणि बाकीचे काळाबरोबर बदलू द्यावे, असा त्याचा आशय. शब्द बदलला; स्पर्धांचे परीक्षक किती बदलतात, ते वेगळे.

तरुण वादकांमध्ये हालचाल दिसते. काही जण जुन्या तबकड्या ऐकून सिम सांग-गन यांच्यासारख्यांची मोकळीक पुन्हा शोधत आहेत, काही स्वतःच्या नावाने सांजो बांधत आहेत. गोमुंगोवादक हो युन-जोंग यांच्या 'ब्लॅक स्ट्रिंग' या चमूने हे वाद्य जाझच्या मंचावर नेले. उमरावांच्या आत्मसंयमासाठी राखलेल्या काठीने हा तिसरा जन्म घेतला आहे.

प्रथमच सांजो ऐकणाऱ्याने थेट तासभराच्या वादनाला हात घालू नये. किम जुक-फा किंवा सोंग गुम-योन यांच्या शैलीतील पंधरा-वीस मिनिटांची संक्षिप्त मांडणी बरी. पहिली पाच मिनिटे काहीच घडत नाही असे वाटेल. त्या वेळी छेडलेल्या स्वराकडे लक्ष न देता तो विरताना डावा हात काय करतो, ते ऐकावे. जुंगमोरीत नववी मात्रा शोधावी. जाजिनमोरीपासून शोधण्याची गरज उरत नाही. ह्विमोरीत जांग्गूची काडी आणि वादकाची बोटे एकमेकांना गाठू पाहतात, लय आता तुटणार असे वाटते, आणि बहुतेक सांजोंमध्ये नेमक्या त्याच क्षणी वादक ताल सोडून देतो. दोन-चार सुटे, लांब स्वर येतात. साथीदार हात वर करून थांबतो, अखेरचा स्वर हलत-हलत विरतो, आणि मग जांग्गूवर एक हलकी थाप पडते.